आजींची पेनी

इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू होऊन मला तिसरा आठवडा होता. रात्रपाळी होती. सहा नंबरच्या बेडवरच्या ८८ वर्षांच्या आजी हळूच म्हणाल्या, "लव्ह, आय नीड टु स्पेंड अ पेनी." मला वाटलं, त्यांना काहीतरी विकत आणायचंय. म्हटलं, दुकान सकाळी उघडलं की आणून देते. आजी गप्प झाल्या आणि मी पुढच्या बेडकडे गेले. पंधरा मिनिटांनी परत आले तर चादर ओली, आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. रागावल्या नाहीत. उलट मलाच "सॉरी, लव्ह" म्हणाल्या. ते सॉरी आजही आठवलं की घशात आवंढा येतो.

चादर बदलताना सोबतच्या हेल्थकेअर असिस्टंट बाईंनी समजावलं. पूर्वी इथल्या सार्वजनिक संडासांच्या दाराला नाणं टाकायची खाच असायची. एक पेनी टाकली की कडी सुटायची. म्हणून चारचौघांत बाईमाणसाने 'पेनी खर्च करून येते' म्हणायचं, आपल्याकडे 'एकीला जाऊन येते' म्हणतात तसं. ती जुनी पेनी १९७१ साली चलनातून गेली, पण ऐंशी-नव्वदीच्या बायकांच्या तोंडी अजून आहे.

मी ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा चांगल्या ग्रेडने पास होऊन आले होते. मिरजेत असताना क्लासने ५०० इंग्रजी वाक्प्रचारांचं झेरॉक्स पुस्तक दिलं होतं, ते मला तोंडपाठ होतं. त्यात पेनी नव्हती. कुत्र्या-मांजरांचा पाऊस मात्र पहिल्याच पानावर होता. पाच वर्षं इथल्या पावसात भिजतेय, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेलं नाही. इथे धो धो कोसळायला लागला की माणसं म्हणतात, "इट्स चकिंग इट डाउन."

इथे यायची तयारी करणाऱ्या मुली मला सारख्या मेसेज करतात, "ताई, वाक्प्रचारांची यादी पाठवा ना." मी पाठवत नाही. राग येऊ देऊ नका, कारण सांगते.

'पोटात कावळे ओरडतायत' हे आपण कुठल्या यादीतून शिकलो? शाळेतून घरी येऊन दप्तर टाकलं की आजी म्हणायची, "ये बाई, कावळे ओरडत असतील ना पोटात?" आणि पुढ्यात भाकरी यायची. ती भूक, तो आवाज, ती भाकरी यांच्यासकट शब्द आत गेला. तो कुणाशी बोलायचा आणि कुठे नाही, हेही त्याच्यासोबतच कळलं. यादीत फक्त अर्थ मिळतो. शब्द कुणाचा आहे, ते मिळत नाही.

माझ्या एका पेशंट आजींचा नवरा कापडगिरणीत कामाला होता. लँकेशायरच्या गिरण्यांमधले कामगार लाकडी तळाचे बूट घालायचे, त्यांना क्लॉग्ज म्हणतात. आजी नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "ही पॉप्ड हिज क्लॉग्ज." म्हणजे गेला. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसूही. यादीत या शब्दापुढे 'मरणे' एवढंच लिहिलेलं असेल. पण आजींना जो हक्क आहे, तो मला नाही. मी त्यांना विचारताना 'पास्ड अवे'च म्हणायला हवं. आपल्याकडे एखादी म्हातारी लाडाने, त्राग्याने 'गचकला मेला' म्हणेल. समाचाराला गेलेलं माणूस असं बोलेल का?

आणि आमच्या कामात तर यावर जीव अवलंबून असतो. "कसे आहात?" विचारलं की इथले म्हातारे म्हणतात, "मसन्ट ग्रंबल." शब्दशः पाहिलं तर, कुरकुरू नये. आपल्या आजोबांचं "चाललंय आपलं" आहे ना, तेच. त्याच्या मागे दुखणं दडलेलं असतं, म्हणून मी आता दुसऱ्यांदा विचारते, खुर्ची ओढून, बसून.

गेल्या हिवाळ्यात एक काका जेवता जेवता म्हणाले, "आय हॅव कम ओव्हर ऑल फनी." फनी म्हणजे गंमत असं धरून चाललं असतं तर मी हसून पुढे गेले असते. पण हेच वाक्य मी आधी एका आजींकडून ऐकलं होतं, त्यांचा चेहरा पांढरा पडताना. आपल्याकडे माणूस घामाघूम होऊन म्हणतो ना, "कसंतरीच होतंय गं," अगदी तेच ते. ताट बाजूला केलं, बीपी घेतलं. वरचा आकडा ८२. पेशंटची तब्येत किती बिघडलीय ते गुणांनी मोजायचा इथे एक तक्ता असतो, त्यात हा आकडा ९० किंवा त्याखाली गेला की एकट्या त्याचेच ३ गुण लागतात आणि डॉक्टरांना तातडीने बोलवावं लागतं. डॉक्टर आले, काका सावरले.

म्हणून पोरींनो, यादी बाजूला ठेवा आणि बोलणाऱ्या माणसाजवळ बसा. कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा, "याचा अर्थ काय हो?" माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांना हे विचारलेलं फार आवडतं. सगळे औषधांबद्दल विचारत असतात, त्यांच्या भाषेबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात वाक्प्रचार लिहिते, आणि कोण, कशावरून, कुठल्या सुरात बोललं तेही. पेशंटचं नाव मात्र कधीच लिहीत नाही. क्लास घेणाऱ्या सरांना, मॅडमना हात जोडून विनंती आहे, रोजचा अर्धा तास तरी मुलींना नुसतं बोलू द्या. एकीने पेशंट व्हावं, एकीने नर्स. पेशंटने दुखणं आडवळणाने सांगावं, आपली माणसं सांगतात तसंच.

परवा एका आजोबांच्या कपाटातलं सामान लावून देत होते. चष्मा बुटात, कवळी रुमालात, सगळा पसारा. म्हणाले, "आयम अॅट सिक्सेस अँड सेव्हन्स, लव्ह." अर्थ विचारला, वहीत लिहिला. मग त्यांना सांगितलं, आमच्याकडे असं झालं की तीन तेरा वाजले म्हणतात. त्यांनी दोन-तीनदा घोळवून पाहिलं. आज सकाळी ड्यूटीवर गेले तर त्यांच्या टेबलावर पेपर, औषधांची वाटी, बिस्किटांचा चुरा सगळं एकत्र झालेलं. माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "टीन टेरा!"