दोन्ही चाके एकदम घसरतात, हे कोणी सांगत नाही
लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटताना, एक चाक घसरले तर पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे जास्त जोर वळवणारी यंत्रणा) असले की बर्फाची चिंता नाही, हे वाक्य ऐकले की माझा संताप अनावर होतो. मागची चाके ओढणारी गाडी घेताना विक्रेत्याने मला हेच ठासून सांगितले होते. त्यावर विसंबून मी हिवाळी टायर घेतले नाहीत आणि पहिल्याच गोठलेल्या सकाळी, एका साध्या चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबताच मागची दोन्ही चाके एकदम गरगरली आणि गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेला जाऊन टेकली.

या यंत्रणेचा उपयोग मी नाकारत नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. त्यामुळे एक चाक बर्फावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असले, तरी बर्फावरच्या चाकाला पेलेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो, बर्फावरचे चाक जागच्या जागी फिरत राहते आणि गाडी हलत नाही. लिमिटेड-स्लिप नेमकी हीच अडचण दूर करते. पण दोन्ही चाकांखाली बर्फच असेल, तर पकड असलेले चाक आणायचे कुठून? कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो, गुळगुळीत बर्फावर तो ०.१ च्या आसपास उतरतो, आणि कोणतेही डिफरन्शियल त्यात तसूभरही भर घालू शकत नाही.

मला सर्वाधिक चीड येते ती पुढच्या गोष्टीची. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत असताना दुसरे शांतपणे घरंगळत राहते आणि गाडीची मागची बाजू आडवी सरकू देत नाही. लिमिटेड-स्लिपमध्ये दोन्ही चाकांची पकड एकत्र सुटते, आणि घसरत्या टायरला आडवी पकड जवळजवळ उरत नाही. मग रस्ता ज्या बाजूला उतरता असेल, त्या बाजूला गाडीचा मागचा भाग निमूटपणे वाहत जातो. म्हणजे ज्या यंत्रणेला सुरक्षिततेच्या नावाखाली विकले, तिनेच त्या सकाळी मला कडेला नेले, आणि याबद्दल गाडी घेताना कोणी चकार शब्द काढला नव्हता.

लिमिटेड-स्लिपच्याच, गिअरवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकाराचेही असेच अर्धवट कौतुक होते. तो घसरत्या चाकावरच्या टॉर्कच्या ठरावीक पटीत दुसऱ्या चाकाला टॉर्क देतो. घसरत्या चाकावर टॉर्क शून्याजवळ आला, की शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी हलका ब्रेक लावून त्या चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो, तेव्हा कुठे दुसरे चाक जोर धरते. हे सांगायला दोन मिनिटे पुरेशी आहेत. पुढच्या चाकांवर हीच यंत्रणा असेल, तर जोर देताना स्टिअरिंग हातात ओढ घेते, हेही तेवढ्याच वेळात सांगता येते.

ब्रेक लावून थांबण्याशी तर तिचा काडीचाही संबंध नाही. तरीही गाडी बर्फात लवकर थांबते, असे मला तोंडावर सांगणारे लोक भेटले आहेत, आणि असे ऐकून कोणी उतारावर वेग वाढवला तर काय होईल, या विचाराने माझा जीव घाबरा होतो.

आता मी चारही हिवाळी टायर बसवले आहेत. सुमारे ७ अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते, यांचे मऊ राहते. त्याच चढावर, तशाच बर्फात, गाडी सरळ वर गेली. डिफरन्शियल तेच होते.