तळ्यात मासे मेले? मुळीच घाबरू नका!

सोलापूरकरहो, सकाळी फिरायला गेलात आणि तळ्याच्या कडेला पांढरी पोटं वर करून मासे तरंगताना दिसले, तर आधी नाकाला रुमाल लावा आणि घरी जा. फोन करू नका. मी गेल्या आठवड्यात केला. "साहेब, उन्हाळाय. मासे मरणारच की," असं ज्ञान फुकट मिळालं.

तरी फोन केलाच, तर पाणी तपासणारा येईपर्यंत धीर धरा. तो भर दुपारी बाराला येईल. यात मोठं शास्त्र आहे. तळ्यात नाला शिरतो, त्यावर शेवाळ पोसतं. रात्रभर ते शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, उरलासुरला कुजणारी घाण खाते. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून आ-आ करतात ते त्यामुळे. ऊन चढलं की तेच शेवाळ ऑक्सिजन सोडायला लागतं. म्हणजे बाराला बाटली भरली की रिपोर्ट झकास! पहाटे पाचला या म्हटलं तर "आमची वेळ दहाची". अहो, मासा दहा ते सहा पोहत नाही! बाटलीला त्या एका मिनिटाचं पाणी कळतं. मासा तिथंच जन्मतो, वाढतो, रात्री गुदमरतो. पाण्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्याच्या अंगावर असतो.

चुरमुरे टाका. पुण्य लागतं. पिशवीसकट टाकलेत तर दुप्पट.

मासे मोजायचेच तर किलोत मोजा, जाती विचारू नका. जेम्स कार नावाच्या अमेरिकन माणसानं 1981 साली नसती उठाठेव केली. जाती किती, नाजूक किती, काहीही खाऊन जगणारे किती, रोगट किती, अशा बारा निकषांवर त्यानं माशांवरून ओढ्या-नद्यांना गुण द्यायला सुरुवात केली. युरोपनं तर 2000 साली कायदाच केला, आता तिकडे खाड्यांची तब्येतही मासे बघून ठरते. आपल्याला खाडी नाही, हे किती बरं! भीमा जाते कृष्णेत, कृष्णा जाते समुद्रात. पुढचं आंध्रवाले बघतील.

जुन्या मासेमाराशी तर बोलूच नका. आमच्या इथल्या एकानं जाळं झटकून दाखवलं. चिलापी, चिलापी, आणखी चिलापी. "वाम, शिंगटा गेले कुठं?" विचारलं, तर त्यानं नुसतं नाल्याकडं बोट केलं. झाला सर्वेक्षण अहवाल. ना टेंडर, ना सल्लागार.

आणि परवा काठाला काय मेलं होतं माहितीये? चिलापी. कमी ऑक्सिजनवर, घाणीत, कुठंही तग धरणारी चिलापी! ती मेली म्हणजे पाण्यात काय उरलं असेल? आणि तुम्ही पुलावर उभं राहून व्हिडिओ काढत होतात. पाठीमागून नाला भसाभस ओतत होता, तो कुणाच्याच फ्रेममध्ये नाही. निर्माल्याच्या पिशव्या तुमच्याच गाडीच्या डिकीतून निघाल्या, मी बघितलंय. लाज वाटू द्या जरा.

आणि साहेब, तुम्ही. मेलेले मासे ट्रॉलीत भरून नेले म्हणजे काम झालं नाही. तो नाला आधी अडवा. पाणी तपासायचं तर सूर्य उगवायच्या आत या, आणि बाटलीबरोबर जाळंही आणा. जाळ्यात किती जाती सापडल्या ते फलकावर लिहून काठाला लावा. जमत नसेल तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे पुन्हा मला सांगू नका.