मानशीच्या दुरुस्तीला जिनिव्हा आड येत नाही, काका

काका, शेतीच्या सबसिडीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी डब्ल्यूटीओची, म्हणजे जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेची, वकिली करतोय, अमेरिकेला सगळं माफ आणि आपल्याला 10 टक्क्यांची वेसण, आणि त्यामुळेच गोव्यातल्या शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. यातलं अमेरिकेचं मला मान्यच आहे, लेखात ते यायला हवं होतं. डब्ल्यूटीओच्या 1995 च्या कृषी करारात ज्यांनी आधीपासून भरमसाट सबसिडी वाटली त्यांनाच मोठी मुभा मिळाली, अमेरिकेला वर्षाला 19 अब्ज डॉलर, आपल्याला मात्र एका पिकाला दिलेला सरकारी आधार त्या पिकाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्क्यांत बसवायचा.

आणि मोजायची रीत तर बघा, हमीभाव ताडून बघायचा तो आजच्या बाजारभावाशी नाही, 1986-88 च्या भावाशी, तांदळाला टनामागं 262 डॉलर! खत, डिझेल, मजुरी कुठल्या कुठे गेली, तो आकडा जागचा हलत नाही. म्हणून तर 2018-19 ला तांदळात आपण 10 टक्क्यांच्या वर गेलो आणि 2013 ला बालीत ठरलेल्या शांतता कलमाचा (मर्यादा ओलांडली तरी इतर देशांनी तक्रार करायची नाही, या सवलतीचा) आसरा घ्यावा लागला. हा अन्यायच आहे.

पण गोव्याचं खापर तिथं फोडू नका. राज्यानं भावात दिलेली भर देशाच्या हिशेबात धरतात हे खरं, पण देशभरच्या भातात गोव्याचं भात ते केवढं? पॉवर टिलर, पंप यांची सबसिडी त्याच कराराच्या कलम 6.2 खाली येते, विकसनशील देशांना ती 10 टक्क्यांत धरावीच लागत नाही. आणि बांध, मानस (भरतीचं पाणी अडवणारं फळ्यांचं दार), पाट ही कामं ग्रीन बॉक्समधली, म्हणजे व्यापाराला धक्का न लावणाऱ्या मदतीच्या यादीतली, त्यांना तर मर्यादाच नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीची फळी कुजून फुटली, भरतीचं खारं पाणी रात्रीत आत आलं आणि नुकतं लावलेलं, खारं पाणी सोसणारं कोरगुट भात सोडून बाकी सगळं भात चार दिवसांत पिवळं पडलं. दुरुस्तीचा अर्ज आधीच्या उन्हाळ्यातच दिलेला, पोचपावती माझ्याकडे आहे, माणूस काही बघायला आला नाही. शेवटी आम्हीच वर्गणी काढून फळी बसवली. यात जिनिव्हाचा काय संबंध, सांगा.

तुमच्या वाड्यावरची मानस शेवटची कधी दुरुस्त झाली आणि पैसे कुणी घातले, तेवढं खाली लिहा.