डॉक्टरांना अजून एक व्याख्यान नको

सर्दी-खोकल्याला सर्रास अँटिबायोटिक का लिहितात, यावर एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ‘डॉक्टरांचं वाचन संपलेलं असतं. त्यांना प्रशिक्षण द्या, मार्गदर्शक सूचना पाठवा, प्रश्न मिटेल. नजर मात्र ठेवू नका, तो त्यांचा अपमान आहे.’

यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी ‘माहिती नाही’ हे घेऊ. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, हे एमबीबीएसच्या मुलांनाही पाठ असतं. पण बाहेर रांग असते, समोरचा पेशंट थकलेला असतो. ‘औषध नको, चार दिवस जाऊ द्या’ हे पटवून द्यायला पाच मिनिटं लागतात, गोळी लिहायला काही सेकंद. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ओपीडीचे तास जसे सरत गेले, तसं अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण वाढत गेलं. सकाळचं ज्ञान दोन-तीन तासांत पुसलं जात नाही. थकतो तो माणूस.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो, पण तो अपुरा पडतो. बोस्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या 47 दवाखान्यांतला प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण सगळ्याच डॉक्टरांना दिलं होतं. ज्यांना तेवढंच मिळालं, त्यांचं अनावश्यक अँटिबायोटिकचं प्रमाण 24 टक्क्यांवरून 13 वर आलं. दुसऱ्या गटात अँटिबायोटिक लिहायला गेलं की कॉम्प्युटर कारण विचारायचा. उत्तर पेशंटच्या नोंदीत सगळ्यांना दिसेल असं राहायचं. रिकामं सोडलं, तर ‘कारण दिलेलं नाही’ असं उमटायचं. तिथे 23 चं 5 झालं. लिहिता लिहिता हात थबकला, एवढंच. औषध लिहायची मुभा पूर्ण होती.

राहिला अपमान. त्याच प्रयोगात एका गटाला दर महिन्याला ईमेल जायची: सर्वांत कमी अनावश्यक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांमध्ये तुम्ही आहात, किंवा नाही. तिथे 20 चं 4 झालं. इंग्लंडमध्ये तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचं एक पत्र अशा दवाखान्यांना गेलं, ज्यांचं अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण परिसरातल्या 80 टक्के दवाखान्यांपेक्षा जास्त होतं. दंड नाही, चौकशी नाही, तरीही प्रमाण 3.3 टक्क्यांनी घटलं. एका पत्राच्या मानाने मला हे खूप वाटतं. आपण कुठे उभे आहोत हे खाजगीत कळणं, यात कसला अपमान?

अमेरिकेतल्या प्रयोगात कॉम्प्युटरने कारण विचारणं थांबवल्यावर वर्षभरात त्या गटाचा आकडा पुन्हा 10 च्या आसपास गेला. डॉक्टर तेच होते आणि प्रशिक्षणही झालेलं होतं.