‘घरच्या हौसेला प्रयोगशाळेचा थाट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सागरी टाकीसाठी पाणी तपासण्याची किट्स कशी निवडावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. पाण्यात बुडवली की रंगावरून पाच घटक एकदम दाखवणारी पट्टी नवशिक्याला पुरते, केवळ मासे पाळणाऱ्याने अल्कलिनिटीच्या (पाण्याची आम्ल झेपवण्याची ताकद, जी मुख्यतः त्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येते) किटवर खर्च करण्याचे कारण नाही, नायट्राइटविषयी (माशांच्या मलमूत्रातून टाकीत तयार होणारे विषारी द्रव्य) मी फार थोडे लिहिले आणि रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजण्याचे उपकरण) जुळवण्याची मी सांगितलेली रीत अपुरी आहे, असे आपले म्हणणे आहे. आपण एवढ्यावर थांबला असता तर दोन ओळींत उत्तर देता आले असते. परंतु शेवटी आपण लिहिले आहे, ‘घरच्या हौसेला प्रयोगशाळेचा थाट कशाला? चार पुस्तकी शब्द शिकून लोकांना घाबरवण्याचा हा प्रकार आहे.’ हे वाक्य मला लागले, हे लपवण्यात अर्थ नाही.

रिफ्रॅक्टोमीटरबाबत आपण बरोबर आहात. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवावे एवढेच मी लिहिले होते. शून्यावर बरोबर असलेले उपकरण 35 पीपीटीपाशी (हजार भागांत 35 भाग क्षार, म्हणजे समुद्राच्या पाण्याएवढा खारटपणा) चुकू शकते, म्हणून ते 35 पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर तपासून घ्यावे, हे सांगायचे राहिले. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता ‘पुस्तकी’ या शब्दाविषयी. कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी 21 गाळप हंगाम काढले आहेत. उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे प्रमाण) पाहताना रिफ्रॅक्टोमीटरचे शून्य पाण्यावरच जुळवायचे, ही तिथली सवय माझ्या लेखात उतरली आणि वर मान्य केलेली चूक झाली. पण त्याच प्रयोगशाळेत रात्रपाळीला ब्युरेटची (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीची) तोटी हाताशी धरून, रंग नेमका कोणत्या थेंबाला पालटतो हे टिपण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले आहे. यालाच टायट्रेशन म्हणतात, आणि हा शब्द माझ्या तोंडी पुस्तकातून आलेला नाही. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाही, त्याच्या शिक्षणाविषयी असे बेधडक लिहिताना थोडा विचार करायला हवा होता.

आणि थाट म्हणाल, तर आपण ज्या प्रकारची पट्टी सुचवता तीच माझ्यासमोर आहे. तिच्यावर अल्कलिनिटीचा 120 पीपीएमचा (दहा लाखांत 120 भाग) चौकोन संपला की पुढचा थेट 180 चा येतो. किट्समध्ये अल्कलिनिटी डीकेएच या एककात मोजतात; 1 डीकेएच म्हणजे सुमारे 17.9 पीपीएम, म्हणजे हे दोन चौकोन साधारण 6.7 आणि 10 डीकेएचचे झाले. प्रवाळांची टाकी बहुतेक हौशी लोक 7 ते 9 च्या दरम्यान स्थिर ठेवतात. ती सगळी मर्यादा या दोन हिरव्या छटांच्या मधल्या फटीत जाते. प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज वापरत असतात, त्यामुळे अल्कलिनिटी किती आहे याइतकेच ती कालपासून किती घसरली हे कळणे महत्त्वाचे असते. सिरिंजने आम्ल सोडण्याचे साधे किट ही घसरण दाखवते. ते काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच मिनिटांत होते, त्यासाठी कोणताही थाट लागत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. माझ्या पहिल्या टाकीत मी पट्टीच वापरत असे. एका मे महिन्यात एक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची त्वचा बुडापासून सोलवटू लागली, तरी पट्टी मला रोज तोच 120 चा रंग दाखवत होती. शेवटी एका स्नेह्याचे किट आणून मोजले तेव्हा आकडा 6.1 डीकेएच निघाला. तोपर्यंत ती फांदी हातची गेली होती. ट्यूबलाइटखाली दोन छटांमधला फरक डोळ्यांनी ठरवणे किती फसवे असते, हे मी 21 हंगाम रंग पाहूनही त्या दिवशी नव्याने शिकलो. लोकांना घाबरवायचे असते तर हा प्रसंग मूळ लेखातच सजवून लिहिला असता; तुम्ही तो लिहायला लावलात.

केवळ मासे असलेली टाकी हा माझ्या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही. खर्चाचे गणित ज्याने त्याने करावे. नायट्राइटविषयी एवढेच, की समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे माशांवर त्याचा विषारी परिणाम गोड्या पाण्याच्या तुलनेत पुष्कळ कमी होतो. टाकी नवी असताना त्याच्यामुळे नायट्रेटचा आकडा मात्र फुगून दिसतो, कारण नायट्रेटची किट्स नायट्रेटचे नायट्राइट करूनच रंग देतात.

आपली टाकी दोन वर्षे पट्टीवर चालली आहे याचा मला आनंद आहे. टाकी कोल्हापुरात असेल, तर तिचे पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून आणावे. आपली पट्टी आणि माझे किट शेजारी ठेवून आपण दोघे मोजू आणि दोन्ही आकडे मी याच लेखाखाली छापीन. ते शेवटचे वाक्य मात्र आपण मागे घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.