165 युरोंचं सोडा, 15 तासांचं बघा

जर्मनीत नोकरी गेली आणि आर्बाइट्सलोझेनगेल्ड (बेरोजगारी भत्ता) सुरू झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: सोबत मिनीजॉब (ठराविक मर्यादेपर्यंत पगाराची छोटी नोकरी) चालतो का, आणि किती कमावता येतात? चालतो. पण सगळे पैशांचीच चौकशी करतात. पैसे जास्त झाले तर भत्त्यातून कापले जातात, एवढंच. तास जास्त झाले तर भत्ताच बंद.

आठवड्याचं काम 15 तासांच्या आत हवं. बरोबर 15 भरले तरी कायद्याच्या लेखी तुम्ही बेरोजगार उरत नाही. कॅफेत 10 आणि शनिवारी गोदामात 6, दोन्ही मालकांच्या दृष्टीने किरकोळ. आर्बाइट्सआगेंटुर (भत्ता देणारं सरकारी रोजगार कार्यालय) मात्र बेरीज करते आणि 16 धरते. शिकवणी घेत असाल तर तयारीचा वेळही मोजा. एखाद्या वेळी अचानक थोडं जास्त काम पडलं तर चालतं, पण दर महिन्याला "अचानक" होऊ लागलं तर कोण ऐकणार?

खरा घोळ पुढे आहे. 15 किंवा जास्त तासांचं काम न कळवता सुरू केलं, तर तुमची बेरोजगारीची नोंदणीच संपते. नंतर तास 8 वर आले तरी ती आपोआप जिवंत होत नाही, नव्याने करावी लागते. हे सहा महिन्यांनी उघडकीला आलं तर मधल्या काळाचा भत्ता परत द्यावा लागतो, वर आर्बाइट्सआगेंटुरने भरलेले आरोग्यविम्याचे हप्तेही मागितले जाऊ शकतात. आणि उघडकीला येतंच, कारण मालक मिनीजॉबची नोंद करतो आणि त्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच ऑनलाइन कळवा, कमाई 50 युरो असली तरी.

आता पैसे. महिन्याला निव्वळ 165 युरो माफ, कामं कितीही असली तरी मिळून एवढेच. 2026 चं किमान वेतन तासाला 13.90, म्हणजे महिन्याचे जेमतेम 12 तास. 603 युरोंचा पूर्ण मिनीजॉब केलात तर साधारण 438 कापले जातील; 43 तास राबून पदरात 165. माझ्या मते आपल्या क्षेत्रात पाय रोवायला मिळत असेल तरच हा सौदा परवडतो, एरवी तो वेळ अर्ज आणि मुलाखतींना द्यावा.

कामावर जाण्यायेण्याचा खर्च कमाईतून वजा होतो, तिकिटं जपून ठेवा. फ्रीलान्स असेल तर जास्तीचा खर्च दाखवला नाही तरी 30 टक्के खर्च म्हणून धरतात, त्यामुळे 235 युरोंपर्यंत धक्का लागत नाही. मात्र निवास परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाची मुभा आहे का ते आधी वाचा. हिशोब काम केलेल्या महिन्याचा होतो: मार्चचं काम, पगार एप्रिलमध्ये, तरी कपात मार्चच्या भत्त्यातून. मार्चचे न वापरलेले 165 पुढे सरकत नाहीत.

आणि मुख्य नोकरीसोबत आधीपासून छोटं काम करत असाल तर घाईने सोडू नका. भत्ता सुरू होण्याआधीच्या 18 महिन्यांत ते किमान 12 महिने केलेलं असेल, तर त्याची आधीची सरासरी कमाई 165 पेक्षा जास्त असली तरी माफ राहते. 15 तासांची अट तिथेही आहेच.