बोलायला उभी राहिली म्हणजे लाइव्हला परवानगी दिली, असं होत नाही

मंगळवारी रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. "मावशी, शनिवारच्या यादीतून माझं नाव काढ. लाइव्ह आहे म्हणे. मला नाही जमणार." शनिवारचं मीटअप, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा छोटा मेळावा, मी भरवते, आणि ते लाइव्ह जाणार आहे हे मला तिच्याकडून कळलं. चौकशी केली तर उगम घरातच निघाला. दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "तुम्हीही हेच करा. सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवू."

ते फॉरवर्ड एव्हाना माझ्याकडे चार ग्रुपांतून आलंय. मजकूर थोडक्यात असा: जे मीटअप लाइव्ह करत नाहीत ते ज्ञान दडवून ठेवतात. मोबाइल आणि ट्रायपॉड असला की खर्च शून्य. युरोपातली फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद प्रत्येक भाषण रेकॉर्ड करते, मग आपल्यालाच कसली अडचण? गावाकडच्या मुलांना हाच एक आधार आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: "सार्वजनिक ठिकाणी बोलायला उभे राहिलात म्हणजे परवानगी दिलीतच. वेगळे विचारण्याची गरज नाही."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण भाचीचं नाव त्या वाक्यानं खोडलं.

ती २३ वर्षांची आहे, नोकरीला लागून वर्ष झालंय आणि चारचौघांत पहिल्यांदाच बोलणार होती. विषय तिचा तिनं शोधलेला. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला त्याची लांबी विचारली की उत्तर येतं दहा, कारण ती काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूण सगळं वेगवेगळं मोजतो. एखाद्या फॉर्ममध्ये नावाला आठाची मर्यादा घातली की पडद्यावर 'ज्ञानेश्' एवढंच उरतं, शेवटचा श लंगडा. हे तिला स्वतःच्या कामात सापडलं, दोन दिवस डोकं फोडून तिनं ते सोडवलं आणि वीस मिनिटांत सांगायचं ठरवलं. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं ते मला सांगून दाखवलं. दोनदा अडखळली, एकदा हसू फुटलं, तिसऱ्यांदा छान जमलं. पंचवीस माणसांच्या खोलीत असं अडखळलेलं चालतं. समोर कोणी ना कोणी मान डोलावतो, मग धीर येतो. तेच अडखळणं काका-मामांपासून ऑफिसातल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांसमोर, त्याच क्षणी, पुसता न येणारं असं जाणार असेल, तर तिनं नाही म्हटलं यात तिचं काय चुकलं?

आता 'विचारण्याची गरज नाही' याबद्दल. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून पाहा. त्यात परफॉर्मर कोणाला म्हणायचं याची व्याख्या कलम २ मध्ये आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी अशी ती यादी जाते आणि त्याच ओळीत येतं: व्याख्यान देणारी व्यक्ती. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३८अ आलं. आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करणं, ते लोकांपर्यंत पोचवणं, प्रसारित करणं, हे स्वतः करण्याचा किंवा दुसऱ्याला करू देण्याचा हक्क त्या कलमानं त्याच व्यक्तीला दिलाय. आयोजकाला नाही, ट्रायपॉड आणणाऱ्याला नाही. कलम १७ तर आणखी स्पष्ट आहे. जाहीर भाषणाचा पहिला कॉपीराइट भाषण करणाऱ्याचा, किंवा ज्याच्या वतीनं ते केलं त्याचा. कार्यक्रम दुसऱ्यानं भरवलाय किंवा जागा दुसऱ्याची आहे म्हणून तो हक्क हातातून जात नाही. कलम ३९ मध्ये सूट आहे, तीही सांगते: स्वतःपुरतं मुद्रण, किंवा निव्वळ शिकवण्या-संशोधनासाठी केलेलं. मागच्या रांगेत बसून कुणी स्वतःच्या अभ्यासासाठी रेकॉर्ड केलं तर ते त्या सुटीत येईल. ग्रुपच्या चॅनलवर सगळ्या जगासमोर थेट लावणं त्या सुटीत बसतं असं म्हणण्याची माझी तरी तयारी नाही.

म्हणजे फॉरवर्डमधलं ते ठळक वाक्य कायद्याच्या बरोब्बर उलटं आहे. आणि कायदा नसता तरी ते चुकीचंच होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या ग्रुपच्या सत्राला गेले होते. एक मुलगी डॉकर या सॉफ्टवेअरवर बोलत होती, चांगलं बोलत होती. मोबाइल ट्रायपॉडवर, लाइव्ह चालू. मोबाइलच्या पडद्याकडे बघायला कुणीच नव्हतं, कारण आयोजक प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत होते. मी माझ्या फोनवर लिंक उघडली तर शेजारच्या चॅटमध्ये तिच्या इंग्रजीवर, मग तिच्या कपड्यांवर, मग त्याहून खालच्या गोष्टींवर शेरे चालले होते. ती समोर उभी राहून डॉकरमधल्या इमेज आणि कंटेनर या दोन गोष्टींतला फरक समजावत होती आणि तिला याचा पत्ताही नव्हता. मी उठून आयोजकाच्या कानात सांगितलं आणि चॅट बंद झालं, पण तोवर अर्धा तास गेला होता. घरी जाऊन तिनं ते वाचलंच असणार. त्यानंतर ती मला कुठल्या सत्रात बोलताना दिसली नाही. "ज्ञान दडवतात" असा आरोप करणाऱ्यांना मी हेच विचारेन: त्या मुलीकडे जे ज्ञान होतं ते कुणी दडवलं?

नुकसान फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. आमच्याकडे एकदा एक अनुभवी गृहस्थ डेटाबेसच्या बॅकअपबद्दल बोलत होते. रंगात आले आणि म्हणाले, "एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे असं झालं, की बॅकअप रोज निघत होता पण..." आणि थांबले. नजर मोबाइलकडे गेली. "ते जाऊ दे, नंतर सांगतो." नंतर म्हणजे खाली चहाच्या टपरीवर. बॅकअप रोज निघत होता, पण तो परत चढवून कुणी कधी पाहिलाच नव्हता. प्रसंग आला तेव्हा फायली रिकाम्या निघाल्या, आणि पुढचे तीन दिवस लोक लॉगमधून नोंदी जुळवत बसले. त्या दुपारची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. ती सहा जणांनी ऐकली. वर खोलीत तीस जण बसले होते आणि त्यांना ती मिळाली नाही, कारण कॅमेरा चालू होता. त्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं मीच ठरवलं होतं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय कॅमेरा लावत नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांचंही तेच. "आमच्या कंपनीत अजून सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे, कुठून सुरुवात करू?" असा खरा प्रश्न माणूस खोलीत विचारतो, लिंकवर विचारत नाही. बोलणाऱ्याची परवानगी निदान काही जण तरी घेतात. तिसऱ्या रांगेतून प्रश्न विचारणाऱ्याची कोण घेतं?

खर्च शून्य, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मोबाइल चौथ्या रांगेत ठेवला की त्याला आधी एसीची घरघर ऐकू येते, मग खुर्च्या, मग माणूस. कॉलर माइक लागतोच. स्लाइड पांढरीफट्ट आणि बोलणारा काळी सावली, हे टाळायला प्रकाश हातानं जुळवावा लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्यामुळे पुष्कळ ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत राहतात. सेकंदाला ४ मेगाबिट या साध्या दर्जानं लाइव्ह केलं तरी तासाला १.८ जीबी अपलोड होतो, तेही ज्या ऑफिसनं फुकट खोली दिली त्याच्या पाहुण्यांच्या वायफायवरून. आणि ही ऑफिसं! कित्येक ठिकाणी गेटवरचा वॉचमन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावूनच आत सोडतो. तिथं लाइव्ह करा म्हणजे पुढच्या महिन्यापासून खोली बंद. या सगळ्यासाठी एक माणूस पूर्ण वेळ लागतो. ज्या ग्रुपात मिळून तीन जण काम करतात, तिथं तो तिसरा माणूस आजवर दारात उभा राहून नव्या आलेल्याला "ये, इकडे बस" म्हणत होता.

फॉसडेमचं उदाहरण मात्र नीट पाहण्यासारखं आहे, कारण ते फॉरवर्डच्याच विरोधात जातं. ब्रुसेल्समध्ये दर हिवाळ्यात विद्यापीठाच्या आवारात ती भरते, प्रवेश फुकट असतो, आणि हो, भाषणं रेकॉर्ड होतात, लाइव्हही होतात. पण कसं? विषय पाठवतानाच सांगितलेलं असतं की रेकॉर्डिंग होईल आणि ते कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होईल. ज्याला नको तो पाठवतच नाही. खोल्याखोल्यांत त्यांनी स्वतः जुळवलेल्या व्हिडिओ पेट्या असतात, स्वयंसेवकांची वेगळी फळी असते, आणि प्रसिद्ध करण्याआधी व्हिडिओ तपासून घेतला जातो, सुरुवात आणि शेवट कुठे कापायचा ते ठरवलं जातं. जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत तर 'माझं भाषण रेकॉर्ड करू नका' असं म्हणायची सोय आहे, आणि प्रेक्षकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत असा शिरस्ता आहे. अशा परिषदांचे विषय गोळा करायला वापरतात त्या प्रीटॅल्क्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'रेकॉर्ड करू नका' असा चौकोनच दिलेला आहे. म्हणजे जे सगळ्यात जास्त रेकॉर्ड करतात तेच सगळ्यात आधी विचारतात.

आता गावाकडच्या मुलांचा मुद्दा. यात तथ्य आहे, ते मी मान्य करते, नाखुशीनं का होईना. माझ्या बाळंतपणानंतरच्या आठ महिन्यांत मी घराबाहेर पडू शकत नव्हते. बाळ झोपलं की पायकॉन या पायथॉनच्या परिषदेची जुनी भाषणं लावायची, आवाज बारीक करून. त्यांनीच मला कामाशी जोडून ठेवलं. अहमदपूरच्या किंवा देवगडच्या मुलाला पुण्याची शनिवारची सकाळ परवडत नाही, हेही खरं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला थांबवून-थांबवून, सबटायटल लावून पाहता येणं ही केवढी मोठी सोय आहे. म्हणून रेकॉर्डिंग नकोच असं मी कधीही म्हणणार नाही.

पण त्या मुलाला आमच्या खोलीतलं घुमणारं, पट्टे सरकणारं, "मागे ऐकू येतंय का?" असं विचारणारं दीड तासाचं लाइव्ह देऊन त्याचं काय भलं होणार आहे? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प पाहा. दहा-दहा मिनिटांचे धडे, आधी लिहिलेली संहिता, ती नवशिक्याकडून तपासून घेतलेली, मग पडद्याचं चित्रण, आणि मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत आवाज. धडा पाहता पाहता शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं, अशी ती पद्धत आहे. एकट्यानं शिकणाऱ्याचा विचार करून बनवलेली वस्तू अशी असते. दाजींना खरंच गावाकडच्या मुलांची काळजी असेल (ती आहे, मी त्यांना ओळखते) तर त्यांनी भाचीचं भाषण लाइव्ह मागण्यापेक्षा तिला असा एक धडा मराठीत करायला बसवावं. शांत खोलीत, हव्या तितक्या वेळा चुकून. ती आनंदानं करेल.

आणि लाइव्ह व रेकॉर्डिंग या दोन गोष्टी कृपा करून एका दावणीला बांधू नका. रेकॉर्डिंगमध्ये कापता येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, वरचा बाण दाबताना जुन्या आदेशातली गुप्त की (पासवर्डसारखी) पडद्यावर आली तर रेकॉर्डिंगमधून तेवढा तुकडा काढता येतो. लाइव्हमध्ये ती गेली म्हणजे गेली, मग ऑफिसला फोन करून की बदलायची. नवख्या माणसाच्या हातून हे हमखास होतं.

आम्ही आता केलंय ते एवढंच. बोलणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न घातले: रेकॉर्ड करायचं का, आणि केलं तर तुम्ही पाहून होकार दिल्यावरच लावायचं का. दोन्हींत आधीपासून टिक केलेली नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाली की कॅमेरा बंद. जे नाही म्हणतील त्यांच्याकडून स्लाइड आणि दोन पानांचं टिपण मागायचं. तेही द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

काल रात्री भाचीनं तो फॉर्म भरला. रेकॉर्डिंगला नाही, स्लाइडला हो. टिपणाच्या रकान्यात तिनं 'ज्ञानेश्वर' दहा तुकड्यांत तोडून लिहिलंय, एकेका ओळीत एकेक. शनिवारी सकाळी साडेदहाला ती पहिलीच आहे. दाजी, तुमच्यासाठी दुसऱ्या रांगेत खुर्ची ठेवतेय. फोन खिशात ठेवून या.